पॅकेज २४ लाखांचं, मग खात्यात किती? पगाराचा हिशेब वरून खाली

गेल्या वर्षी पितृपक्षात भाच्याला नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रातल्या एका कंपनीचं ऑफर लेटर आलं. २४ लाखांचं पॅकेज. ताईनं त्याला सर्वपित्री होईपर्यंत सही करू दिली नाही, आणि त्यामुळेच हिशेबाला चार दिवस मिळाले. तो लेटर घेऊन आला तेव्हा बेसाच्या एका फ्लॅटचं ब्रोशरही सोबत होतं. ८५ लाखांचं कर्ज काढायचं ठरवूनच आला होता.

"मामा, बारानं भागा ना. सरळ दोन लाख होऊन राहिले महिन्याचे."

"भागून तर राहिला तू, पण काय भागून राहिला ते तर पाह्य आधी."

बुटीबोरीच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं पगारपत्रकं काढली. मोठ्या पगारावर नव्यानं गेलेला जवळपास प्रत्येक जण पहिल्या महिन्याच्या शेवटी माझ्या टेबलाशी यायचा. प्रश्न एकच, "माझे पैसे कुठे गेले?" आणि उत्तर त्यानं आधीच ठरवलेलं असायचं, टॅक्समध्ये. बहुतेक वेळा ते उत्तर चूक असायचं. भाच्याचंच लेटर समोर ठेवून तो सगळा हिशेब इथे मांडतो. आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या दरांनी काढले आहेत. तुमचं लेटर वेगळं असेल, पण पायऱ्या याच.

पहिली पायरी: सीटीसी फोडा

सीटीसी म्हणजे तुमच्यापायी कंपनीला वर्षाला येणारा एकूण खर्च. तो खर्च आहे म्हणून सगळाच तुमच्या हातात पडेल असं नाही. ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावर एक तक्ता असतो, सगळ्यात बारीक अक्षरात. आधी तो वाचा, पहिल्या पानावरचं अभिनंदन नंतर वाचता येईल.

भाच्याच्या तक्त्यात २४ लाखांपैकी २,४०,००० व्हेरिएबल होते. हे वर्षातून एकदा मिळणार, तेही कंपनीचा आणि त्याचा निकाल पाहून. पूर्ण मिळतील, निम्मे मिळतील, पहिल्या वर्षी जेवढे महिने काम केलं तेवढ्यापुरतेच मिळतील. महिन्याच्या हिशेबात हे धरायचेच नाहीत.

पुढे कंपनीच्या वाट्याचा पीएफ. त्याचा बेसिक महिना ९०,००० होता, त्याचे १२ टक्के म्हणजे १०,८००, वर्षाचे १,२९,६००. हे त्याचेच पैसे, पण जातात पीएफ खात्यात. मग ग्रॅच्युइटीचे सुमारे ५२,०००. वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, असं ते सूत्र आहे, म्हणून बहुतेक तक्त्यांत बेसिकच्या ४.८१ टक्के हा विचित्र आकडा दिसतो. कायम नोकरीत साधारण पाच वर्षं काढली तरच ही रक्कम हातात येते. आजकालची पोरं दोन वर्षांत कंपनी बदलतात. त्यांच्यासाठी ही ओळ कागदावरच राहते. शेवटी आरोग्य विम्याचा हप्ता, २२,४००.

हे सगळं वजा केलं की राहिले १९,५६,०००, म्हणजे महिना १,६३,०००. यात बेसिक ९०,०००, घरभाडे भत्ता ३६,००० आणि स्पेशल अलाउन्स ३७,०००. याला ग्रॉस म्हणतात. दोन लाखांतले ३७,००० इथेच गळाले, आणि आयकराचा अजून एक रुपयाही लागलेला नाही.

जॉइनिंग बोनस असेल तर त्याची अट वाचून घ्या. वर्षाच्या आत सोडलं तर परत मागतात, आणि परत मागताना बहुधा कर कापण्याआधीची पूर्ण रक्कम मागतात. तुमच्या हातात मात्र कर कापून आलेली असते.

दुसरी पायरी: दर महिन्याची कपात

ग्रॉसमधून आधी तुमच्या वाट्याचा पीएफ जातो, पुन्हा १०,८००. म्हणजे दोन्ही वाटे मिळून महिन्याला २१,६०० बाजूला पडतात. एक बारकावा: तुम्ही पेन्शन योजनेचे सदस्य असाल तर कंपनीच्या वाट्यातले १,२५० तिकडे जातात, त्यामुळे पासबुकात दोन्ही बाजू सारख्या दिसत नाहीत. फसवणूक झाली असं समजून एचआरशी भांडायला जाऊ नका. माझ्याशी भांडून झालंय लोकांचं.

मग व्यवसाय कर, महिना २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. महिलांना २५,००० पगारापर्यंत हा माफ आहे. हा राज्याचा कर, १९७५ च्या कायद्यानं आलेला. त्यामागचा हेतू रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्याचा होता. पगार २४ लाख असो की ४० लाख, यापेक्षा जास्त कापता येत नाही, कारण राज्यघटनेच्या कलम २७६ मध्येच २,५०० ची मर्यादा आहे. स्लिपवरची ही एकच ओळ अशी, जी पगारासोबत वाढत नाही.

तिसरी पायरी: आयकर, आणि स्लॅबची भीती

देशभरातले आयकर अधिकारी जिथे शिकून तयार होतात ती राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी आपल्याच गावात, छिंदवाडा रोडवर आहे. तरीसुद्धा नागपुरात चहाच्या टपरीवर अजून ऐकू येतं, "पगारवाढ नको बाप्पा, स्लॅब बदलेल." स्लॅब बदलला म्हणजे सगळ्या पगारावर नवा दर लागतो, असा हा समज. तसं होत नाही. वरचा दर फक्त वरच्या तुकड्याला लागतो, खालचे तुकडे आपापल्या दरानंच राहतात.

आयकर मोजायच्या दोन पद्धती आहेत, जुनी आणि नवी. नव्या पद्धतीत पहिल्या ४ लाखांवर काही नाही. ४ ते ८ लाखांच्या तुकड्यावर ५ टक्के, ८ ते १२ वर १०, १२ ते १६ वर १५, १६ ते २० वर २०, २० ते २४ वर २५ आणि त्यापुढे ३० टक्के. पगारदाराला आधी ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते. जो कर निघेल त्यावर ४ टक्के उपकर. उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं तर अधिभार लागतो, तो वेगळा विषय.

भाच्याचा फक्त ठरलेला पगार घेऊ. १९,५६,००० मधून ७५,००० गेले, राहिले १८,८१,०००. ४ ते ८ च्या तुकड्याचे २०,०००, ८ ते १२ चे ४०,०००, १२ ते १६ चे ६०,०००, आणि १६ लाखांवर उरलेल्या २,८१,००० चे २० टक्क्यांनी ५६,२००. बेरीज १,७६,२००. उपकर ७,०४८. वर्षाचा कर १,८३,२४८, महिन्याला १५,२७१.

तर महिन्याचं गणित असं:

ग्रॉस १,६३,०००
वजा पीएफ १०,८००
वजा व्यवसाय कर २००
वजा टीडीएस (पगारातूनच कापलेला आयकर) १५,२७१
खात्यात १,३६,७२९

भाच्याच्या डोक्यातले दोन लाख आणि हे, यांत ६३,२७१ चा फरक आहे. त्यात आयकर १५,२७१, म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा. २१,६०० त्याच्याच पीएफमध्ये आहेत. २०,००० चं व्हेरिएबल अजून मिळायचं आहे. ग्रॅच्युइटी आणि विमा मिळून ६,२००, आणि २०० राज्याचे. टॅक्सनं पगार खाल्ला, ही तक्रार कागदावर मांडली की अशी विरघळते.

व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर? वर्षाचं उत्पन्न २१,९६,०००, वजावटीनंतर २१,२१,०००. कर उपकरासह २,३९,४६०. म्हणजे त्या २,४०,००० वर ५६,२१२ कर, हातात १,८३,७८८. इथे कंपन्या दोन तऱ्हांनी वागतात. काही जण व्हेरिएबल देतात त्याच महिन्यात त्याचा कर कापतात. काही जण एप्रिलपासूनच ते पूर्ण मिळणार असं धरून दर महिन्याला थोडा थोडा कापतात. तसं झालं तर टीडीएस १९,९५५ होतो आणि खात्यात १,३२,०४५ येतात. वर्षाचा कर तोच, पण बाराही महिने हात जरा आखडता. तुमची कंपनी काय करते ते विचारून घ्या.

टपरीवरची ती भीती एका जागी मात्र खरी आहे, ते सांगून टाकतो. करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सूट मिळून कर शून्य होतो, पगारदाराच्या बाबतीत १२,७५,००० पगारापर्यंत. आता पगार ५०,००० नं वाढून १३,२५,००० झाला. करपात्र १२,५०,०००. स्लॅबप्रमाणे कर ६७,५०० येतो, पण सीमांत सवलतीमुळे १२ लाखांच्या वरच्या रकमेएवढाच, म्हणजे ५०,०००. त्यावर उपकर २,०००. पगार वाढला ५०,०००, कर वाढला ५२,०००! ही अडचणीची पट्टी साधारण साडेतेरा लाखांच्या थोडी अलीकडे संपते. या पट्टीत असाल तर पगारवाढीऐवजी ती रक्कम कंपनीमार्फत एनपीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेत, टाकायला सांगणं शहाणपणाचं. त्याबद्दल पुढे येतंच.

चौथी पायरी: जुनी पद्धत की नवी

भाच्याला कोणीतरी सांगितलं होतं, भाड्याच्या पावत्या लाव, विमा दाखव, जुन्या पद्धतीत भरपूर वाचतं. चला, लावून पाहू. जुन्या पद्धतीत २.५ लाखांपर्यंत शून्य, ५ लाखांपर्यंत ५ टक्के, १० लाखांपर्यंत २०, पुढे ३०.

तो मनीषनगरात २२,००० भाड्यानं राहतो असं धरलं. घरभाड्याची सूट तीन आकड्यांतला सगळ्यात लहान आकडा. मिळालेला भत्ता ४,३२,०००. नागपूर मोठ्या शहरांच्या यादीत नाही म्हणून बेसिकचे ४० टक्के, तेही ४,३२,०००. आणि भाडं वजा बेसिकचे १० टक्के, म्हणजे २,६४,००० उणे १,०८,००० बरोबर १,५६,०००. मुंबईवाल्या मित्राची सूट ऐकून इथे अंदाज बांधू नका. आपल्याकडची भाडी कमी, त्यामुळे तिसरा आकडाच लागू पडतो आणि तो लहान निघतो.

आणखी काय काय? प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, ८०सी या बचतीच्या कलमाचे दीड लाख (यात पीएफनंच १,२९,६०० भरले), स्वतःचा विमा २५,००० आणि साठी ओलांडलेल्या आईवडिलांचा ५०,०००, एनपीएसचे ५०,०००. सगळं पूर्ण वापरलं, एकही कोपरा सोडला नाही, तरी बेरीज ४,८३,५००. व्हेरिएबल धरून करपात्र उत्पन्न १७,१२,५००, कर ३,३९,३००. नव्या पद्धतीत २,३९,४६० होता. धावपळ करून, पावत्या जमवून जवळपास लाखभर जास्त भरायचे!

या पगाराला जुनी पद्धत परवडायची तर वजावटी मिळून ८ लाखांच्या पुढे जायला हव्यात. गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख आले तरी तिथवर पोचत नाही, कारण स्वतःच्या घरात राहायला गेलं की घरभाड्याची सूट जाते. आणि नव्या पद्धतीत राहत्या घराच्या व्याजाची वजावटच नाही. साइट ऑफिसमध्ये "टॅक्स पण वाचतो साहेब" म्हणतात, त्यांना कुठल्या पद्धतीत ते विचारा. ज्यांना धंद्याचं उत्पन्न नाही अशा पगारदारांना दर वर्षी विवरणपत्र भरताना पद्धत बदलता येते, फक्त मुदतीच्या आत भरायला हवं.

पाचवी पायरी: वर्षाच्या मध्येच नोकरी बदलली तर

सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात, म्हणून जरा थांबतो.

भाचा जुन्या कंपनीत महिना १,००,००० वर होता. त्या कंपनीच्या हिशेबानं वर्षाचे १२ लाख, वजावटीनंतर ११,२५,०००, कर शून्य. एप्रिल ते सप्टेंबर काहीही कापलं नाही, बरोबरच केलं. १ ऑक्टोबरला तो नव्या कंपनीत रुजू झाला. नव्या कंपनीला दिसतात फक्त सहा महिने, ९,७८,०००. वजावटीनंतर ९,०३,०००, १२ लाखांच्या आत, कर शून्य. दोन्ही कंपन्यांनी नियमानं चालून शून्य कापला. त्याच्या खात्यात दर महिन्याला १,५२,००० येत राहतील आणि मामाचा हिशेब चुकला असं त्याला वाटेल.

प्रत्यक्षात वर्षाचं उत्पन्न आहे १५,७८,०००. प्रमाणित वजावट एकदाच मिळते, शून्याचा स्लॅबही एकदाच, आणि १२ लाखांच्या सुटीचा तर प्रश्नच उरत नाही. करपात्र १५,०३,०००, कर उपकरासह १,०९,६६८. हे बिल विवरणपत्र भरताना एकदम समोर येतं. सोबत १ एप्रिलपासून दरमहा १ टक्का व्याज, शिवाय आगाऊ कराचे हप्ते चुकल्याचं वेगळं. बुटीबोरीत आमच्या एका इंजिनिअरवर हीच वेळ आली तेव्हा जुलैमध्ये त्यानं लेकीच्या फीचे पैसे इकडे वळवले होते. बिचाऱ्यानं लपवलं काहीच नव्हतं, त्याला कोणी विचारलं नव्हतं एवढंच.

उपाय साधा आहे. रुजू होताना जुन्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा तपशील नव्या कंपनीला द्यायचा (२०२५-२६ मध्ये त्यासाठी फॉर्म १२बी होता). एचआर मागत नसेल तरी आपणहून द्यायचा. मग नवी कंपनी ते १,०९,६६८ उरलेल्या सहा महिन्यांत वाटून कापते, महिना १८,२७८, आणि खात्यात १,३३,७२२ येतात. पुढच्या एप्रिलपासून आकडा पुन्हा १,३६,७२९ वर जातो. जानेवारीत उशिरा सांगितलंत तर सगळा भार शेवटच्या तीन महिन्यांवर येतो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात उरका.

सहावी पायरी: काय बदलून घेता येतं

फार काही नाही, पण दोन गोष्टी विचारण्यासारख्या आहेत.

एक, कंपनीमार्फत एनपीएस. नव्या पद्धतीत बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंतची कंपनीची रक्कम करातून सुटते. भाच्याच्या बाबतीत वर्षाला १,५१,२००. स्पेशल अलाउन्समधून तेवढे वळवले तर, व्हेरिएबल पूर्ण मिळाल्यास, कर २,३९,४६० वरून २,०१,७१८ वर येतो. ३७,७४२ वाचले. पण हातात येणारी रक्कम वर्षाला १,१३,४५८ नं कमी होते, आणि तो पैसा बराच काळ अडकतो. फ्लॅट घ्यायचाय, लग्न आहे, अशा वर्षी मी हे करणार नाही. भाच्यालाही पहिलं वर्ष थांब म्हटलं.

दुसरं, पीएफ. काही कंपन्या १५,००० च्या वेतनमर्यादेवर, म्हणजे महिना १,८०० च पीएफ कापायचा पर्याय देतात. हातात जास्त येतं, पण कंपनीचा वाचलेला वाटा पगारात आला की त्यावर कर लागतो. माझं मत विचाराल तर पीएफ पूर्ण चालू ठेवा. महिन्याअखेर खात्यात उरलेले पैसे वाचवणारी माणसं मी फार पाहिली नाहीत. (स्वतःचा वाटा वर्षाला अडीच लाखांच्या वर जात असेल तर वरच्या भागाच्या व्याजावर कर आहे. भाच्याला ती चिंता अजून नाही.)

सही करण्याआधी एचआरला एक मेल टाका. त्यात हे विचारा: व्हेरिएबल कधी मिळतं आणि पहिल्या वर्षी किती महिन्यांचं? त्याचा कर कधी कापता? पीएफ पूर्ण बेसिकवर की मर्यादेवर? कॅब-जेवणाची काही कपात आहे का? आणि नमुन्याची सॅलरी स्लिप मागा. फोनवर विचारलं तर "अप्रॉक्स दीड लाख येतील सर" असं उत्तर येतं. लेखी विचारलं की आकडा येतो.

पहिली स्लिप आली की ती या पायऱ्यांशी जुळवून पाहा. आयकराच्या संकेतस्थळावर २६एएस आणि एआयएस ही तुमच्या कराची आणि उत्पन्नाची विवरणं उघडून, कापलेला टीडीएस तुमच्या पॅनवर खरोखर जमा झालाय का, तेही अधूनमधून बघा. स्लिपवर कापला म्हणजे जमा झालाच, असं धरून चालू नका. जूनमध्ये २०२५-२६ चा फॉर्म १६, म्हणजे कंपनीनं कापलेल्या कराचा दाखला, येईल तेव्हा दोन्ही कंपन्यांचे घ्या.

आता फ्लॅट. ८५ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं, हप्ता ७३,७६५. दोन लाखांत तो ३७ टक्के दिसत होता. १,३६,७२९ मध्ये तो ५४ टक्के होतो, आणि बेसाला राहून मिहानला जायचं तर गाडीचं पेट्रोल निराळं. ६० लाखांच्या कर्जाचा हप्ता ५२,०६९ येतो, म्हणजे ३८ टक्के. भाच्यानं मोबाइलवर दोनदा गुणाकार करून पाहिला, मग ब्रोशर उलटं ठेवलं.

"आणि व्हेरिएबल आलं तर मामा?"

"तर मुद्दल फेड. नाही आलं तर हप्ता तरी थांबणार नाही."

सर्वपित्रीनंतर त्यानं सही केली. मेलला एचआरचं उत्तर दोन दिवसांनी आलं: व्हेरिएबल पहिल्या वर्षी सहाच महिन्यांचं, आणि तेही पुढच्या जूनमध्ये.